मदत हवी आहे: नववीचा मौखिक इतिहास प्रकल्प, २६ रेकॉर्डिंग आणि कामाचं एकही नाही

गोदाकाठची_बाई
नववीच्या वर्गाला मौखिक इतिहासाचा प्रकल्प दिलाय. २६ मुलाखती आल्या. निम्म्यांत नुसती खरखर, उरलेल्यांत आजी-आजोबा "हो", "नाही", "लई पाणी व्हतं" याच्या पुढे जात नाहीत. १८ दिवसांत मांडणी आहे. आवाज साफ करणारं फुकटचं ॲप सांगा. पुन्हा मुलाखती घ्या असं कृपया सांगू नका.

ध्वनीमित्र
विषय काय? रेकॉर्ड कशावर केलं? फाइल तुमच्याकडे कशी आली, आकार किती? ॲपचं नंतर बघू.

गोदाकाठची_बाई
विषय १९६९ चा नाशिकचा गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर, लिहायचं राहिलं. मुलांनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, दुसरं कशावर पाठवणार? १२ मिनिटांची फाइल दीड एमबी दिसतेय.

ध्वनीमित्र
मग तिथेच माशी शिंकली. माईकचं चिन्ह दाबून पाठवलेला संदेश निरोपापुरता असतो, आवाज पार दाबलेला. न दाबलेली वेव्ह फाइल (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो) मिनिटाला साधारण ५ एमबी होते, म्हणजे १२ मिनिटांचे ६० एमबी. तुमच्याकडे दीड आहे. जे दाबताना गेलं ते कुठलंही ॲप परत आणत नाही. ऑडॅसिटी हे संगणकावरचं ॲप फुकट आहे: कोणी बोलत नाही असे दोन सेकंद निवडा, नॉइज रिडक्शन या खरखर कमी करणाऱ्या सोयीला तो नमुना द्या, मग सगळ्या फाइलवर ६ ते ९ डेसिबल लावा. त्याहून जास्त ओढलं की आजी हंड्यात तोंड घालून बोलतेय असं वाटतं.
ज्या मुलांनी फोनच्या रेकॉर्डरमध्ये घेतलं असेल त्यांच्याकडून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. आणि दोन कॉलर माईक घ्याच, हनुवटीखाली एक वीत.

सिन्नरकर
कॉलर माईक कशाला? नववीच्या पोराच्या हातात दिला की तो पदरावर घासतो आणि खरखर दुप्पट. फोन विमान मोडवर, घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर उतरवलेला. फरशीची रिकामी खोली घुमते, गाद्या-गोधड्यांची खोली बरी. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐकायचं. ही शेवटची पायरी कोणीच करत नाही.

ध्वनीमित्र
टॉवेलवरचा फोन समोर बसलेल्या पोराचाच आवाज जास्त घेतो. माईक पदराला नको, ब्लाउजच्या काठाला लावायचा.

दप्तरदार
तुमचं भांडण चालू द्या. बाई, प्रश्न कोणते दिले होते? जसेच्या तसे टाका.

गोदाकाठची_बाई
१) तुम्ही १९६९ चा पूर पाहिला का? २) पाणी खूप होतं का? ३) धरणातून पाणी सोडल्यामुळे पूर आला का? ४) तुम्हाला भीती वाटली का?

दप्तरदार
चारही प्रश्न 'का'वर संपतात. त्याला उत्तर 'हो' किंवा 'नाही'च येणार, आजींचा दोष नाही. तिसरा तर उत्तर तोंडात कोंबतो. असे विचारा: "त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा." "पाणी येतंय हे कोणी सांगितलं?" "घरातलं आधी काय उचललं?" "घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं होतं?" "ओसरल्यावर घरात काय उरलं?" दर प्रश्नानंतर मनात सातपर्यंत मोजायचं. पोरं दोन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतात आणि नेमकं तेव्हाच आजी बोलायला लागलेली असते.
आता खरं विचारतो. या २६ जणांचं तेव्हाचं वय किती?

गोदाकाठची_बाई
वय नाही विचारलं. साठीच्या पुढचे आहेत सगळे.

दप्तरदार
म्हणजे काही जण तेव्हा अगदी लहान असू शकतात. १९६० नंतर जन्मलेल्यांनी सांगितलेलं बहुतेक ऐकीव असतं. टाकू नका, पण "हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?" हे विचारून तशी नोंद करा. शिवाय २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर डोक्यात एकमेकांत मिसळतात. सनावळी विचारू नका, खुणा विचारा: चंद्रावर माणूस उतरला तो जुलै १९६९ चा, बहात्तरचा दुष्काळ त्यानंतरचा. लग्न झालं होतं का, थोरला जन्मला होता का.

ओवी_जात्यावरची
त्यापेक्षा जात्यावरच्या ओव्या गोळा करा. आजी प्रश्नांना घाबरते, ओवीला नाही. पुस्तकात मौखिक साधनांत ओव्या आहेतच.

दप्तरदार
ओवी ही मौखिक परंपरा, हा प्रकल्प पाहिलेल्याचा जबाब. ओवीतली बाई पुराच्या दिवशी कुठे उभी होती हे ओवी सांगत नाही.

ओवी_जात्यावरची
पण ती काय भोगलं ते सांगते. असो.

पंचवटीकर
धरणाचं निघालंच आहे तर, १९६९ ला गंगापूर धरण उभं होतं, पण नासर्डी आणि वाघाडी या नद्या धरणाच्या खाली गंगेला मिळतात. धरणाखालच्या भागात जोराचा पाऊस झाला तर धरणाची दारं बंद असूनही घाटावर पाणी चढतं. २०१९ ला लोकांनी हाच वाद घातला होता...

सिन्नरकर
पंचवटीकर, वेगळा धागा काढा. बाई, संमतीपत्र घेतलंय ना?

गोदाकाठची_बाई
घरचीच माणसं आहेत, संमती कशाला?

सिन्नरकर
मांडणीत आवाज वाजणार, मग कोणी यूट्यूबवर टाकणार, मग आत्याला समजणार की घरातलं भांडण गावाने ऐकलं. एक पान पुरे: वर्गात ऐकवायचं, शाळेबाहेर लावायचं, नेटवर टाकायचं, प्रत्येकासमोर हो किंवा नाही. नाव द्यायचं की नाही, तेही. सही येत नसेल तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी: तारीख, ठिकाण, नाव, "रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही". मुलांचे फोटो लागणार असतील तर पालकांची सही वेगळी.

कल्पक_७९
मुखपृष्ठाला हँडमेड पेपर आणि कडेला वारली छान दिसेल. क्यूआर कोडही लावा.

दप्तरदार
क्यूआर कशाचा लावायचा, खरखरीचा? शब्दशः लेखन सगळ्या मुलाखतींचं करत बसू नका. सरावलेल्यालाही तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास लागतात, मुलांना त्याहून जास्त. मिनिटागणिक एक ओळ लिहा: "०४:१० भांडी वाहून गेली", आणि कामाची दोन-तीन मिनिटंच पूर्ण उतरवा. 'व्हतं'चं 'होतं' करू नका. फोनचं मराठी व्हॉइस टायपिंग ते परस्पर करून टाकतं, म्हणून ऐकून तपासायचं.

गोदाकाठची_बाई
सहा जणांकडे मूळ फाइल निघाल्या, त्या बऱ्या आहेत. आणखी पाच आजी-आजोबांकडे रविवारी पुन्हा जाणार, नव्या प्रश्नांनी. (हो, सांगू नका म्हटलं होतं, ते मागे घेते.) आता एक अडचण. एक आजोबा म्हणतात पाणी घाटावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला लागलं, दुसरे म्हणतात छे, बरंच खाली होतं. तक्त्यावर कोणतं लिहू?

दप्तरदार
दोन्ही, दोघांच्या नावानिशी. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून तिसरी नोंद शोधा आणि ती शेजारी लावा. पण त्याआधी सांगा, दोघं उभे कुठे होते? एक पंचवटीत आणि एक नदीपलीकडच्या भांडी बाजारात का?

गोदाकाठची_बाई
हे नाही विचारलं.