समलैंगिक असणं जनुकांत आहे का? आणि नसलं, तर?

पेशीपुराण (पाचपाखाडी, ठाणे)

"समलैंगिकता जनुकांतच असते, विज्ञानाने सिद्ध केलंय." वाशीतल्या एका पालकसभेत समुपदेशकांनी हे ठामपणे सांगितलं आणि समोरच्या आईवडिलांना हायसं वाटलेलं दिसलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तरीही मी त्या वाक्याच्या विरोधात लिहिते आहे. एक तर ते जसं सांगितलं जातं तसं खरं नाही. शिवाय ज्यांच्या बचावासाठी ते वापरतात, त्यांनाच ते उद्या महागात पडेल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आहे, म्हणून आधी विज्ञान. १९९३ साली अमेरिकेत डीन हेमर यांच्या गटाने समलैंगिक भावांच्या ४० जोड्या तपासल्या. त्यांतल्या ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाकडच्या 'एक्सक्यू२८' या भागातल्या खुणा सारख्या निघाल्या. 'गे जीन' हा शब्द तिथून वर्तमानपत्रांत शिरला तो आजतागायत. १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ५२ जोड्या तपासल्या, त्यांना तसं काही दिसलं नाही. पुढे ४०९ जोड्यांच्या अभ्यासात त्याच भागाकडे आणि आठव्या गुणसूत्राकडे पुन्हा बोट दाखवलं गेलं. मग २०१९ चा सगळ्यांत मोठा अभ्यास आला, ४ लाख ७७ हजारांहून अधिक लोकांचा. त्यात पाच जागा ठळकपणे सापडल्या, पण त्यांचा परिणाम इतका बारीक की एखाद्या माणसाचा कल त्यावरून सांगणं अशक्य. सगळे जनुकीय फरक एकत्र धरले तरी ८ ते २५ टक्के वाटा.

म्हणजे जनुकांचा हात आहे. एकटा जीन कुठेही नाही.

आता माझा खरा मुद्दा. धर्म कुठल्याही जनुकात नसतो. माणूस तो बदलू शकतो, सोडू शकतो. तरी आपली राज्यघटना त्याला संरक्षण देते, आणि 'आधी रक्त तपासून आण' असं कुणी म्हणत नाही. मग दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर प्रेम करावं यासाठीच प्रयोगशाळेचा दाखला का लागावा? निवडीचाही हक्क असतो.

निखळ (ऐरोली)

ताई, विज्ञान तुम्ही नीट मांडलंत. निष्कर्षाला माझा पूर्ण विरोध.

माझे वडील रबाळे एमआयडीसीत फिटर होते. मी घरी सांगितलं तेव्हा त्यांना राज्यघटना नको होती, कारण हवं होतं. आईच्या डोक्यात एकच किडा, 'माझं काय चुकलं?' होस्टेलला पाठवलं म्हणून? लहानपणी बहिणींच्यातच खेळू दिलं म्हणून? अंगारे-धुपारे झाले. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी मी दिवसभर झोपून असायचो. मग दुसऱ्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं, "हा जन्मतःच असा आहे, तुमचं काही चुकलेलं नाही." त्यानंतर गोळ्या बंद झाल्या आणि मुली बघणंही बंद झालं.

तुम्ही म्हणता ते वाक्य अर्धवट आहे. असेल. पण त्या अर्धवट वाक्याने माझं घर मला परत दिलं. तुमच्या घटनेच्या मुद्द्याने आमच्या आळीत एक दार उघडलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा समलैंगिक संबंध गुन्हा नाही असं ठरवणाऱ्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात लैंगिक कल हा नैसर्गिक असतो, असं म्हटलंच की. वकिलांनाही तो आधार घ्यावासा वाटला, मग माझ्या आईने का घेऊ नये?

नौपाडाकर

मी दोघांशीही असहमत आहे. मी कुणाचा द्वेष करत नाही आणि कायद्याने गुन्हा नाही ते मला मान्य आहे, हे आधीच सांगतो.

पण मूळ लेखात दिलेलेच आकडे पाहा. जनुकांचा वाटा ८ ते २५ टक्के. मग उरलेले ७५ टक्के कुठून आले? घर, शाळा, संगत, मोबाइल. एकसारख्या जुळ्यांचं उदाहरण घ्या. दोघांची जनुकं तीच, तरी अनेकदा एक समलैंगिक आणि दुसरा नाही. जन्मजात असतं तर असं झालं नसतं. आणि जे घडतं ते घडू न देणंही शक्य असतं, हा साधा तर्क आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्ये हा आजार यादीतून काढला, तोही पुढे सभासदांच्या मतदानाने कायम झाला. विज्ञानात मतदान असतं का? ज्या गोष्टीवर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, ती आठवी-नववीच्या मुलांना वर्गात सांगायची घाई कशासाठी? हे बाहेरून आलेले विषय आहेत, आपल्याकडे थोडं थांबून बघायला काय हरकत आहे?

सेंट्रीफ्यूज (खारघर)

नौपाडाकर काका, मी जनुकीय चाचण्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो. तुमच्या प्रतिसादात एक गफलत आहे, जी जवळपास सगळेच करतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तो ८ ते २५ टक्के आकडा फक्त २०१९ च्या अभ्यासाच्या पद्धतीने पकडता आलेल्या जनुकीय फरकांचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासात आकडा वेगळा येतो. २०१० च्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासात पुरुषांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ३४ ते ३९ टक्के निघाला आणि स्त्रियांमध्ये १८ ते १९ टक्के. हे टक्के लोकसंख्येतल्या फरकांचे असतात. 'निखळ २५ टक्के जनुकांनी आणि ७५ टक्के मोबाइलने बनला' असा त्यांचा अर्थ कधीच होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आमच्या भाषेत जनुक सोडून उरलेलं सगळं 'पर्यावरण' या एका डब्यात जातं. गर्भाशयातली संप्रेरकं, नाळेतून मिळणारं पोषण, पेशी वाढताना होणारे निव्वळ योगायोग, मोजमापातल्या चुकासुद्धा. त्याच स्वीडिश अभ्यासात हा डबा दोन भागांत फोडला होता. भावंडांना सारखं मिळणारं घर आणि संस्कार, यांचा पुरुषांमधला वाटा शून्याच्या आसपास निघाला. स्त्रियांमध्ये १६ ते १७ टक्के. म्हणजे आईच्या वळणावर बोट ठेवायला पुरुषांच्या बाबतीत तरी आकडे मुळीच तयार नाहीत.

आता जन्माआधीच्या, पण जनुकाबाहेरच्या गोष्टीचं उदाहरण. कॅनडातले रे ब्लँचर्ड यांनी दाखवलं की सख्ख्या मोठ्या भावांची संख्या वाढेल तशी धाकट्या मुलाची समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, दर मोठ्या भावामागे साधारण तिसऱ्या हिश्शाने. मूळ शक्यताच लहान असल्याने बहुतेक धाकटे भाऊ अर्थातच समलैंगिक नसतात. सावत्र किंवा दत्तक मोठ्या भावांनी हा परिणाम होत नाही, एका घरात वाढले तरी. त्यामुळे संशय गरोदरपणी आईच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवर (अँटीबॉडीजवर) आहे. हे आनुवंशिक नाही, तरी जन्मजात असू शकतं. 'जनुकीय', 'जन्मजात' आणि 'न बदलता येणारं' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा साधा तर्क त्यांना एकच धरतो, तिथेच तो कोसळतो.

मतदानाबद्दल: ते झालं, खरं आहे. पण त्याआधी १९५७ मध्ये एव्हलिन हूकर यांनी समलैंगिक आणि इतर पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल नाव झाकून तज्ज्ञांना दिले होते. कोणता निकाल कोणाचा हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. आजार मानायला पुरावाच नव्हता. मतदानाने फक्त ते कबूल केलं.

नेरूळ सीवूड्स

इतकं सगळं वाचलं, त्यात बाया कुठे आहेत? हेमरच्या अभ्यासात भाऊ. कॅनडाच्या अभ्यासात भाऊ. ४०९ जोड्या, त्याही भावांच्या. मोठ्या भावांचा परिणामसुद्धा मुख्यतः पुरुषांमध्येच तपासलेला. आणि २०१९ च्या अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे, त्यांना विचारलेला मुख्य प्रश्न 'समलिंगी व्यक्तीशी कधी शरीरसंबंध आला का' इतकाच. आपल्याकडे किती बाया या प्रश्नाचं खरं उत्तर देतील? आणि जिने आयुष्यभर मनात ठेवलं, कधी स्पर्शही केला नाही, ती कुठल्या रकान्यात?

मी तिशी उलटेपर्यंत संसार केला. नवरा वाईट नव्हता. नंतर एका मैत्रिणीच्या प्रेमात पडले आणि आज आम्ही दोघी एकत्र राहतो. 'मी जन्मापासून अशीच होते' असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. कदाचित होते, कदाचित नव्हते. निखळ, तुझ्या घरच्यांना 'जन्मतःच' या शब्दाने धीर आला याचा मला मनापासून आनंद आहे. पण तोच शब्द माझ्या भावाने माझ्याविरुद्ध वापरला. "तू तर जन्मतः तशी नव्हतीस, मग हे थेर आहेत." तुझ्यासाठी जे दार उघडलं तेच माझ्या तोंडावर बंद झालं. म्हणून मी पेशीपुराण ताईंच्या बाजूने.

पेशीपुराण

नेरूळच्या ताईंनी जे लिहिलं ते माझ्या मूळ लेखात यायला हवं इतकं नेमकं आहे.

निखळ, तुझ्या आईला मिळालेला धीर मी हिरावून घेऊ इच्छित नाही. "तुमचं काही चुकलेलं नाही" हे वाक्य पूर्ण खरं आहे आणि जनुकाशिवायही खरं राहतं. माझी भीती वेगळी आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' ती पाटी लावावी लागली, कारण मुलगी असणं हे शंभर टक्के जन्मजात आहे आणि ते आधी कळू शकतं. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सगळ्यांत आधी, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. जन्मजात असल्याने मुलींना दया मिळाली नाही, त्यांना आधीच गाठता आलं. उद्या कुणी लैंगिक कलाची 'चाचणी' विकायला काढली तर आपल्या समाजात तिचं काय होईल? आणि हे नुसतं भय नाही. २०१९ चा अभ्यास आला त्याच वर्षी 'तुम्ही किती गे आहात' हे सांगणारं एक ॲप निघालं होतं. खुद्द संशोधकांनी आक्षेप घेतला, मग ते मागे घेतलं गेलं. ते शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक होतं, पण निरर्थक चाचण्याही विकल्या जातात.

नौपाडाकरांना एकच सांगते. हा विषय बाहेरून आलेला नाही. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, पण प्रश्न विचारणारे वाचक इथलेच होते. बाहेरून आलं ते समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून.

निखळ

ताई, चाचणीचा धोका मान्य. पण त्यावर उपाय चाचणीवर बंदी घालणारा कायदा हा आहे, जसा गर्भलिंगनिदानाविरुद्ध केला. संशोधनाबद्दल लोकांशी बोलायचंच नाही, हा उपाय होऊ शकत नाही. आणि धर्माची तुलना मला पटत नाही. धर्म बदलण्याचा पर्याय असतो. मी बारावीपासून चार वर्षं स्वतःला बदलायचा प्रयत्न केला. देवळात बसलो, मुलीला मागणी घातली, सगळं केलं. 'निवडीचाही हक्क असतो' असं तुम्ही म्हणता तेव्हा माझ्यासारख्याला ऐकू येतं की ही निवड होती. माझ्यासाठी नव्हती. नेरूळच्या ताईंचा हक्क माझ्याइतकाच आहे, त्यासाठी मीही भांडेन. पण माझा अनुभव गाळून नको.

नौपाडाकर

सेंट्रीफ्यूज यांनी 'पर्यावरण' शब्दाचं जे सांगितलं ते मला नवीन होतं, आणि घराच्या वाट्याचा आकडाही. आईवडिलांना दोष देणं त्यामुळे टिकत नाही, एवढं मान्य करतो. शाळेबद्दलचं माझं मत कायम आहे. मुलांना आदराने वागा हे शिकवा. कारणमीमांसा जिथे अपुरी आहे तिथे पाठ्यपुस्तकाने ठाम बोलू नये, ना या बाजूने ना त्या बाजूने.

कोपरीची आई

माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. त्याने गेल्या महिन्यात सांगितलं. मला जनुक कळत नाही, तरी सगळं वाचून काढलं. माझी जाऊ सारखी म्हणते, ठाण्यात एक डॉक्टर 'हे बरं करतात', घेऊन जा. तिला काय सांगू?

सेंट्रीफ्यूज

ताई, घेऊन जाऊ नका. कल बदलण्याचे उपचार चालतात याला पुरावा नाही, उलट त्यांनी नैराश्य येऊ शकतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे की असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. मद्रास उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणातून ते आलं. त्यामुळे कुणी असा उपचार देऊ केला तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. मुलगा उदास असेल, झोप उडाली असेल, तर त्यासाठी समुपदेशक जरूर गाठा, पण पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही याचा कल बदलायचा प्रयत्न करणार का?" उत्तर 'नाही' असेल तरच पुढे जा.

नेरूळ सीवूड्स

आणि जावेला जनुकांबद्दल काही सांगत बसू नका. ती विचारेल ते 'का' आहे, तुमच्या मुलाला आत्ता हव्या आहात तुम्ही. माझ्या आईशी बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा, ती सीवूड्सलाच असते आणि मोकळेपणाने बोलते.