फुकटचा दवाखाना म्हणे! (तुरुंगातला टीबी)

तिरफळ: कालच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, ‘कैद्याला रोज डॉक्टर, फुकट गोळ्या; बाहेर गरीब ओपीडीच्या रांगेत.’ डोकंच फिरलं. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात माणसं कित्येक वर्षं क्षमतेच्या तिपटीच्या आसपास. संध्याकाळी बंद झालेली बराक सकाळीच उघडते. हवा खेळत नाही, त्यात टीबी पसरायला एक खोकणारा पुरतो. दाखल करताना वजन, ताप, दोन आठवड्यांचा खोकला विचारायचा, संशय आला की बेडका ट्रूनॅट या टीबीच्या चाचणीला पाठवायचा, रिपोर्ट येईपर्यंत वेगळं ठेवायचं. खोली नाही म्हणून तोही त्याच बराकीत.

चिंचोके: मग एसी वॉर्ड बांधा की गुन्हेगारांना!

तिरफळ: आतले बहुतेक कच्चे कैदी आहेत, गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, साहेब. आणि शिपाई तीच हवा घेऊन घरी जातो. मे 2020 मध्ये तिथेच कर्मचारीही कोविडने बाधित झाले होते.

रामप्रहर: खरी बोंब गार्डची, म्हणजे कैद्याला दवाखान्यात नेणाऱ्या पोलिसांची. तुरुंगाचा डॉक्टर ‘जे.जे. रुग्णालयात पाठवा’ लिहून मोकळा. गार्ड पोलिसांनी द्यायचा, आणि त्यांना गणपती, निवडणूक, बंदोबस्त. अकराला गार्ड आला तर केसपेपर निघेपर्यंत ओपीडी संपते. पुढची तारीख कधी, देव जाणे.

चिंचोके: कैदी पळाला तर निलंबन कुणाचं? शिपायाचं! तुमच्या मानवाधिकारवाल्यांचं नाही.

रामप्रहर: म्हणूनच एक्सरे आत न्या. हातात धरायची मशीन मिळतात. गार्ड वाचतो, तुमचा शिपाईही.

शेवटचा_बाक: गार्ड, गार्ड काय लावलंय? धागा टीबीचा आहे. कोर्स 6 महिन्यांचा, पहिले 2 महिने चार औषधं. 50 ते 64 किलोच्या माणसाला रोज 4 गोळ्या. महिन्याभरात खोकला थांबतो, तेवढ्यात जामीन. गेटवर कपडे, पैसे मोजून देतात. गोळ्या राहतात आतल्या दवाखान्यात. निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पत्ता तुरुंगाचा, मग शोधणार कुठे? औषध तुटलं की रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी होऊ शकतो, आणि तो चाळीत, लोकलमध्ये वाटला जातो. सुटताना महिन्याच्या गोळ्या, रेफरल चिठ्ठी आणि घराजवळच्या केंद्राला एक फोन. याला कुठलं बजेट लागतं?

चिंचोके: द्या बाबा गोळ्या बांधून, वर पेढेही द्या. गार्डचं मात्र माझंच बरोबर.

रामप्रहर: बरोबर असेल. एक्सरेचं उत्तर अजून आलेलं नाही.