शाळेच्या वाचनालयात चार बंदिस्त संगणक, खर्च कमीत कमी: सल्ला हवा

पानखूण
नमस्कार मंडळी. मी शाळेच्या वाचनालयाचं काम पाहते. पुस्तकांची यादी कोहा या वाचनालयासाठीच्या मोफत प्रणालीवर घातली आहे, पण ती फक्त माझ्या टेबलावरच्या संगणकावर उघडते. मधल्या सुट्टीत रांग लागते आणि निम्मी मुलं पुस्तक न शोधताच परत जातात. म्हणून चार जागा करायच्या आहेत. मुलाने यावं, पुस्तक शोधावं, एखादा विषय वाचावा आणि उठून जावं.

हाताशी एका कार्यालयाने काढून टाकलेले सहा डेस्कटॉप आहेत. कोअर टू ड्युओ, चार जीबी रॅम, जुन्या फिरत्या हार्डडिस्क. मॉनिटर, कळफलक, माऊस सगळं आहे. बजेट म्हणाल तर एका साध्या नव्या लॅपटॉपला लागतील तेवढेच पैसे, आणि त्यात चारही जागा. दरवर्षी भरायचं काहीही नको, ते मंजूर होत नाही.

ब्राउझरच्या बाहेर कुणाला जाता येऊ नये, आणि मराठीत टाइप करता आलं पाहिजे. पण सगळ्यात मोठी अट वेगळीच आहे. एका मुलाने काय शोधलं ते पुढच्याला दिसता कामा नये. गेल्या वर्षी एका मुलीची मेल उघडी राहिली, मागून बसलेल्यांनी ती वाचली आणि वर्गभर केली. ती मुलगी नंतर वाचनालयात आली नाही. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

सोल्डरवाला
रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक. दुसरा विचारच करू नका. मी पाय ४ वर तीन वर्षं सूचनाफलक चालवतोय, मॉनिटरच्या पाठीमागच्या व्हेसा भोकांना डबी स्क्रूने लावली की काम झालं. पाय ४०० घेतलात तर संगणक कळफलकातच असतो. जमलं तर सरळ पाय ५ घ्या, सोबत त्याचा २७ वॅटचा अडॅप्टर आणि एनव्हीएमई डिस्क.

खटपट्या
सोल्डरवाला, तुमचा फलक दिवसभर चालू असतो, त्याला कुणी मध्येच बंद करत नाही. मी एका अभ्यासिकेत अशाच डब्या बसवल्या होत्या. वीज गेली की मेमरी कार्ड गेलं, आणि वर्षभरात पाच कार्डं बदलली. दर वेळी सुट्टीच्या दिवशी मलाच फोन.

सोल्डरवाला
कारण तुम्ही ओव्हरले चालू केलं नव्हतं. रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टीम आहे. ती चालू केली की कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं रॅममध्ये होतं आणि बंद करताच पुसलं जातं. ताईंना हवं तेच.

खटपट्या
हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तरी पाच कार्डं गेली ती गेलीच.

शुभ्रपडदा
ताई, जुनं सामान गळ्यात घेऊ नका. आम्ही चार नवीन ऑल-इन-वन घेतले, विंडोज प्रो, असाइन्ड अ‍ॅक्सेस ही एकच अ‍ॅप उघडू देणारी सोय लावून फक्त एज ब्राउझर. दिसायलाही छान, तारांचा पसारा नाही, पालक आले की बघत राहतात. होम आवृत्ती घेऊ नका, तिच्यात असाइन्ड अ‍ॅक्सेस मिळत नाही. प्रो किंवा एज्युकेशनच हवी.

पानखूण
शुभ्रपडदा, सल्ला चांगला आहे, पण त्या चारांतला एकही माझ्या पैशांत येत नाही.

शुभ्रपडदा
मग यंदा एक घ्या, पुढच्या वर्षी दुसरा.

जुनंतेसोनं
विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून कार्यालयांतून सहाव्या-सातव्या पिढीची छोटी मशीन बाहेर पडताहेत: थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलीटडेस्क मिनी. पुस्तकाएवढा आकार, आवाज नाही, लिनक्स सुरेख चालतं. मी आतापर्यंत अकरा घेतली, एकही परत केलं नाही. तुमचे सहा डेस्कटॉप विका आणि त्यात चार टायनी घ्या.

पानखूण
दादा, ते देणगी म्हणून आलेत, विकता येत नाहीत.

निळीशाई
मशीन कुठलंही घ्या, पण कुलूप नीट लावा. मी एका सार्वजनिक ग्रंथालयात हे काम केलं आहे. ब्राउझर 'किऑस्क'मध्ये, म्हणजे पूर्ण पडदाभर एकटाच, उघडला की झालं असं सगळ्यांना वाटतं. फायरफॉक्समध्ये ही सोय ७१ व्या आवृत्तीपासून आहे, तिने टॅब आणि पत्त्याची पट्टी लपते, पण दारं बरीच उरतात. आमच्याकडे एका सातवीतल्या मुलाने कंट्रोल-पी दाबून छपाईची खिडकी उघडली, 'फाइलमध्ये साठवा' निवडलं, आणि पूर्ण डिस्क त्याच्यासमोर. मी त्याला रागावलो नाही, शेजारी बसवून आणखी काय काय उघडतं ते त्याच्याकडूनच शोधून घेतलं.

छपाई बंद करा. कंट्रोल-ओ बंद करा. फायरफॉक्सच्या पॉलिसी फाइलमध्ये विकसकांची साधनं आणि अबाउट-कॉन्फिग हे आतल्या सेटिंगचं पान बंद करता येतात. वेबसाइट फिल्टरमध्ये आधी सगळंच अडवायचं आणि मग हवे तेवढेच पत्ते उघडायचे. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने काळा पडदा येतो, तो लिनक्समधल्या एक्स-ऑर्ग या पडदा सांभाळणाऱ्या भागाच्या सेटिंगमधून रोखा. शेवटी बायोसला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड, आणि यूएसबीवरून सुरू होणं बंद. हे शेवटचं राहिलं तर आधीच्या सगळ्याला अर्थ नाही.

दोनबोटी
पाय ४ घ्या. माझ्या मेहुण्याकडे आहे, उत्तम चालतो.

मोकळंरान
मला मुळातच हे पटत नाही. मुलांना एवढं बांधून ठेवायचं कशाला? १९९९ साली सुगत मित्र यांनी दिल्लीत कालकाजीला एका भिंतीत संगणक बसवला, आणि शेजारच्या वस्तीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवायला लागली. मी स्वतः दुसऱ्याच्या दुकानातला संगणक मोडून जोडून शिकलो. कुलपं लावली तर मुलं फक्त कुलपं पाहतील.

निळीशाई
मोकळंरान, त्या भिंतीतल्या पडद्यासमोर मुलं घोळक्याने उभी असत, सगळे सगळ्यांचं पाहत. इथे मुलगी एकटी बसून काहीतरी शोधणार आणि तिच्यामागून दुसरं कुणी बसणार. ताईंनी मेलची गोष्ट सांगितली आहे, ती पुन्हा वाचा.

मोकळंरान
वाचली. वाईट झालं. पण त्यावर उपाय म्हणून मुलांना जबाबदारी शिकवा. सगळं बंद करणं हा उपाय नाही.

जुनंतेसोनं
जबाबदारी शिकवली तरी डिस्क जुनीच राहते. टायनी घ्या.

ढगातला
क्रोम ओएस फ्लेक्स, गूगलची प्रणाली. फुकट आहे, जुन्या मशीनवर चढतं, पाहुणा म्हणून आत गेलं की बाहेर पडताना सगळं पुसलं जातं. मी आईच्या लॅपटॉपवर घातलंय.

निळीशाई
पाहुणा सोय खरीच चांगली. पण चालू करताच थेट यादी उघडावी आणि बाकी काही दिसू नये असं हवं असेल तर फ्लेक्सला व्यवस्थापनाचा परवाना लागतो, तो विकत घ्यावा लागतो. शिवाय इतकी जुनी मशीन त्यांच्या तपासलेल्या यादीत आहेत का ते पाहावं लागेल.

ढगातला
परवान्याचं मला माहीत नव्हतं. आईला त्याची गरज पडली नाही.

रात्रपाळी
फक्त ब्राउझर चालवणाऱ्या पोर्टियस किऑस्क प्रणालीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? पेनड्राइव्हवरून सुरू करायचं, विझार्ड विचारतो: पहिलं पान कोणतं, कोणते पत्ते चालतील, किती वेळ कुणी हललं नाही तर पुन्हा सुरुवात करायची. संपूर्ण प्रणाली फक्त-वाचनीय. मी चहाला जाऊन येईपर्यंत एक मशीन तयार होतं.

पानखूण
रात्रपाळी, हे काल रात्री करून पाहिलं, खरंच सोपं आहे. पण मराठी कळफलकावर अडले. यादीतली निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी आहेत. मुलांना देवनागरीत शोधता आलं नाही तर सगळंच फुकट.

कानामात्रा
इथे बोलायलाच हवं, कारण मी यात दोन महिने घालवले आहेत. किऑस्कमध्ये डेस्कटॉपची पट्टी नसते, त्यामुळे आयबससारख्या भाषा बदलणाऱ्या साधनाचं चिन्ह दिसत नाही आणि भाषा बदलली की नाही हे मुलांना कळत नाही. साधा रस्ता घ्या: डेबियन लिनक्सवर एक्सकेबी या कळफलकाच्या सेटिंगमध्ये 'यूएस' आणि 'इन' असे दोन लेआउट द्या, ऑल्ट-शिफ्टने बदलतात. 'इन' म्हणजे इनस्क्रिप्ट, भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित फॉन्ट आधी घालून घ्या, नाहीतर चौकोन दिसतील.

दुसरं, हे कोहाबद्दल. कोहाची झेब्रा अनुक्रमणिका (शोध तिच्यातूनच होतो) आयसीयू, म्हणजे सगळ्या लिपी ओळखणाऱ्या, पद्धतीने बनवलेली नसेल तर देवनागरी शोध नीट लागत नाही. पुस्तक समोरच्या कपाटात असतं आणि यादी म्हणते 'नाही'. मशीन विकत घेण्याआधी हे तपासा. मुलं दोनदा रिकाम्या हाताने गेली की तिसऱ्यांदा येत नाहीत.

पानखूण
तपासलं. आयसीयू नव्हतंच! बदलून पुन्हा अनुक्रमणिका बनवली आणि मला वर्षभर न सापडलेली पुस्तकं समोर आली. कानामात्रा, तुमचे कसे आभार मानू.

गाळणी
इंटरनेट देणार असाल तर गाळण लावा. राउटरवर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) द्या, तो घातक आणि प्रौढांच्या साइट अडवतो. मात्र ब्राउझर स्वतःचा एन्क्रिप्टेड डीएनएस वापरत असेल तर राउटरची गाळण तशीच राहते आणि मुलं बाजूने निघून जातात. फायरफॉक्सच्या पॉलिसीत 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' बंद करून त्याला कुलूप लावा.

दोनबोटी
मी वर पाय ४ म्हटलं होतं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

सोल्डरवाला
दोनबोटी, मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

जुनंतेसोनं
कोअर टू ड्युओवर कुणी अजून अडकलंय का? जुना डेस्कटॉप रिकामा बसला तरी साठ-सत्तर वॅट खातो, टायनी दहाच्या आसपास. विजेचा हिशेब कोण करणार? आणि डेबियन १३ मध्ये तर ३२ बिट मशीनवर इन्स्टॉलेशनच काढून टाकलंय.

निळीशाई
कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे, त्यावर डेबियन १३ चढतं. विजेचा मुद्दा मात्र खरा आहे.

शाळेचामामा
मी शाळेत शिपाई आहे, संगणकाचं फार कळत नाही, पण रोज संध्याकाळी बंद मीच करतो. बाई, माऊसच्या तारा टेबलाखालून घट्ट बांधा, डब्याचं तोंड भिंतीकडे करा. बटण पुढे असलं की पोरं दाबतातच. आणि पडद्याची पाठ खिडकीला नको, ऊन येतं मग कुणी बसत नाही. तोंडं तुमच्या टेबलाकडे पण नकोत. मोठं माणूस बघतंय म्हटलं की पोरं काही विचारत नाहीत त्या मशीनला.

पानखूण
मामा, हे शेवटचं मी वहीत लिहून ठेवलं.

ओलीकपाशी
आमच्याकडे पासवर्ड होता, बायोसला कुलूप होतं, तरी एक दिवस सगळे उघडे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला, बायोस मूळ पदावर गेलं. वर तारीख चुकीची, म्हणून सुरक्षित साइटही उघडेनात. मी तीन दिवस प्रमाणपत्रांचा दोष शोधत होते. जुन्या मशीनचा सेल पहिल्या दिवशीच बदला.

पानखूण
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय घेतला, आणि तो बहुतेकांना पटणार नाही.

पाय नाही, टायनी नाही, नवीन काहीच नाही. तेच जुने डेस्कटॉप. पैसे चार छोट्या एसएसडी, एक नेटवर्क स्विच, तारा आणि सहा सेल एवढ्यावरच खर्च केले. आणि चारही जागांवर इंटरनेट नाही. तार फक्त माझ्या संगणकापर्यंत येते. तिथे कोहाची यादी आहे आणि किविक्स या इंटरनेटशिवाय वाचू देणाऱ्या साधनावर मराठी विकिपीडिया. इंग्रजीचा चित्रांसकट पूर्ण विकिपीडिया १०० जीबीच्या वर जातो, म्हणून सोप्या इंग्रजीतला घेतला. फेटचे विज्ञानाचे खेळही किविक्सवर मिळाले.

मेल उघडतच नाही, तर उघडी राहणार कुठून? फायरफॉक्स तीन मिनिटं कुणी हललं नाही की बंद होतो आणि कोऱ्या प्रोफाइलने पुन्हा उघडतो. प्रोफाइल रॅममध्येच असते. कोहातला शोध-इतिहास आणि वाचकांचं लॉगिनही बंद केलं. निळीशाईंनी सांगितलेली सगळी दारं लावली. कोहाची कर्मचाऱ्यांची बाजू ८०८० पोर्टवर होती, तीही या चार मशीनसाठी अडवली. सहावा डेस्कटॉप सुट्या भागांना ठेवला. पाचवा माझ्या टेबलाशेजारी आहे, इंटरनेटसकट, गाळणीसह.

शुभ्रपडदा
इंटरनेटशिवाय संगणक मुलांना दाखवणं मला चुकीचं वाटतं. बाहेर जग वेगळं आहे.

मोकळंरान
मी शुभ्रपडदा यांच्याशी पहिल्यांदाच सहमत आहे.

जुनंतेसोनं
दोन वर्षांत टायनी घ्याल.

पानखूण
घेईनही. आत्ता माझ्या वाचनालयाचं जग म्हणजे कपाटांतली पुस्तकं, आणि ती मुलांना सापडत नव्हती.

कानामात्रा
मुलं मराठीत टाइप करताहेत का?

पानखूण
करताहेत. पहिल्या दिवशी 'विज्ञान'वर सगळी अडली. या लेआउटवर ज्ञ, क्ष, त्र, श्र यांच्या स्वतंत्र कळा नाहीत. एका मुलीने 'विद्न्यान' लिहिलं, अर्थातच काही मिळालं नाही. मग प्रत्येक पडद्याखाली चिठ्ठी चिकटवली: ज, मग हलंत, मग ञ. क, हलंत, ष. हलंत डी वर आहे आणि ञ शिफ्ट धरून उजव्या चौकोनी कंसावर. दुसऱ्या दिवशी पाचवीतलाच एक मुलगा पुढच्याला सांगत होता, "आधी ज, मग पाय मोड, मग ञ."

कानामात्रा
चिठ्ठीवर रफारही लिहा. आधी र, मग हलंत, मग पुढचं अक्षर. 'वर्ष' आणि 'सूर्य' शोधताना लागेल.

पानखूण
उद्या सकाळी लावते.