फोन्सेकांची सावळी मेरी

कॉन्व्हेंटमध्ये चित्रकला म्हणजे नाताळचा गोठा सजवणं, असं बरेच जण म्हणतात. माझा अनुभव अगदी वेगळा आहे. नववीत आमच्या सरांनी आंजेलो द फोन्सेकांची चित्रं दाखवली. १९०२ साली गोव्यात जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले आणि पुढे पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात राहून काम केलेले चित्रकार. त्यांची मेरी, म्हणजे येशूची आई, साडीतली, सावळी! चॅपेलमधल्या गोऱ्या पुतळ्यासमोर रोज हात जोडणाऱ्या आम्ही मुली गप्पच झालो. सर म्हणाले, "आता घरातली आई काढा." पदराच्या चुण्या खोडून खोडून माझा कागद विरला. असे चित्रं दाखवणारे शिक्षक प्रत्येक शाळेला मिळायला हवेत, नुसत्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीने नजर येत नाही. पुढे इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेला स्थिरचित्रात चुरगळलेलं कापड आलं, तेव्हा हात आपसूक चालला.