तुमच्या घरातलं पोर मोठं झालेलं तुम्हाला कधी कळलं?

निमित्त छोटंसंच आहे. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट, बांधत होतो. चौदा वर्षांचा भाचा दरवर्षी स्टूल धरायला भांडायचा, सुपारीचा घोस हातात मिळाला की नाचायचा. यंदा दारात फोन घेऊन उभा. "मामा, जरा बाजूला हो, तुझा बनियन येतोय फोटोत." झालो बाजूला. फोटो टाकला, आणि वीस मिनिटांत काढूनही टाकला. का, तर कोणी बघितलाच नाही. माटोळी तिथेच होती, आंबाडे, तोरिंगं, काकड्या लटकत. त्याने मान वर करून परत पाहिलं नाही.

या धाग्यावर तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. 'हरवलेलं बालपण' या विषयावरचे निबंध नकोत, ते दिवाळी अंकांत भरपूर मिळतात. मुलांची, शाळांची नावं देऊ नका. उद्या हेच वाचतील ती.

फोंडा, आई
मुलगी अकरावीत, नीटची तयारी. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच, बांबोळीचं. त्यामुळे 'गोमेकॉ', म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, हा शब्द आमच्या घरात कुलदेवतेच्या खालोखाल. 180 प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक गुण वजा. हे सगळं आता मलाही पाठ झालंय. कोणी तिला जबरदस्ती केलेली नाही, हे आधीच सांगते. वेळापत्रक तिने स्वतः केलं, रंगीत पेनांनी, कपाटाला चिकटवलं. परवा कपडे ठेवताना नीट वाचलं. रविवार, 4 ते 4.20 : आईशी गप्पा.
काही बोलले नाही. बरोबर चारला चहा घेऊन जाते.

डिचोली
मी मुलाच्या बाजूने लिहितो. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा मी दहावीत. आमचे खाणीवरचे दोन ट्रक, एकाचे हप्ते चालू. ट्रक आंब्याखाली उभे राहिले ते राहिलेच, पुढे पुढे केबिनमध्ये कोंबडी अंडी घालायला लागली. बँकेची पत्रं इंग्रजीत, म्हणून बाबा माझ्याकडून वाचून घ्यायचे. एका पत्राची शेवटची ओळ मी वाचलीच नाही. "बाकी विशेष काही नाही" म्हणालो. बाबा "बरं" म्हणाले आणि जेवले. त्या रात्री मी जेवलो नाही. तेव्हा आमच्याकडे स्मार्टफोन नव्हता, हेही नोंदवून ठेवतो. सगळं फोनवर ढकलून मोकळं होता येत नाही.

म्हापसा, शिक्षिका
ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे. नववीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत मिळाली, पेन ड्राइव्हसारखी दिसणारी. "टीचर, तंबाखू नाही हो, ब्ल्यूबेरी आहे." इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की मी क्षणभर हसले. नंतर हसू आलं नाही.
पण सांगायचंय ते वेगळंच. एक मुलगी मधल्या सुट्टीत आली, फोन हातरुमालात गुंडाळलेला, मेलेलं पाखरू आणावं तसा. कोणीतरी तिचा चेहरा दुसऱ्याच फोटोवर चिकटवून पैसे मागत होतं. तीन आठवडे एकटी सोसत होती. पालकांना बोलावलं. वडिलांचं पहिलं वाक्य : "आजपासून फोन बंद." ती माझ्याकडे बघत राहिली. याच वाक्याच्या भीतीने तर तिने घरी सांगितलं नव्हतं. पुढे 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, हे वडिलांनीच केलं, मान्य. कोणावर अशी वेळ आली तर पुरावा पुसू नका, पैसे देऊ नका. मुलांना स्वतः बोलायचं असेल तर 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे.

केपे
2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन वर्गासाठी पोरं टेकडीवर चढायची, घरात रेंज नव्हती. आमचा अजून चढतो, गेम खेळायला. नातू रोज डोंगरावर जातो म्हणून आजी खूश आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही.

मडगाव, वय 16
धागा आमच्याबद्दल आणि लिहिणारे सगळे मोठे. म्हणून लिहितोय.
2025 पासून आमची शाळा एप्रिलमध्येच सुरू झाली. काजूच्या दिवसांत आजोळी जायचं ते गेलं. ते आम्ही घालवलं का? तुम्ही मोठे नेहमी 'आम्ही ओहोळात पोहायचो' म्हणता, आम्हाला कोण सोडतं? आईच्या फोनवर माझा ठिपका दिसतो. मी बेकरीसमोर दोन मिनिटं थांबलो तरी फोन येतो, "कितें जालें रे?" काही झालेलं नसतं. मित्र भेटलेला असतो.
आणि काका, भाच्याने फोटो काढून टाकला कारण त्याला वाईट वाटलं असेल. तुम्ही विचारलंत का?

पेडणे, आजोबा
1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा मी तेरा वर्षांचा, गिरगावातल्या एका खानावळीत ताटं विसळत होतो. बातमी मालकाच्या रेडिओवर ऐकली. निरागसपणा वगैरे आमच्या वाट्याला कुठला? मार खाल्ला, उपाशी झोपलो. पण रात्री दहाला मालक झोपला की मी कोणाचा नोकर नव्हतो. जिन्यावर बसून गावच्या पोरांबरोबर वात्रट गाणी म्हणायचो. नातवाच्या वर्गाच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला गृहपाठ येतो. तो उठून बसतो. मी कूस बदलल्याचं सोंग करतो.

धागाकर्ता
मडगावकर, नाही विचारलं. बनियनचाच राग होता मला.

फोंडा, आई
मडगावच्या मुला, तुला विचारते. त्या वीस मिनिटांची तीस करून मागू का तिच्याकडे?

मडगाव, वय 16
मागू नका काकी. आधी बघा, ती चार वीसचा अलार्म लावते का.

फोंडा, आई
लावते.