मदत हवी आहे: कोल्चिसिन आणि टॅक्सॉल, दोन्ही पेशीविभाजन कसे थांबवतात?

अडलेला_विद्यार्थी: परवा तोंडी परीक्षा आहे. कोल्चिसिन हे द्रव्य सूक्ष्मनलिका (पेशीच्या सांगाड्यातील बारीक नळ्या) जुळू देत नाही आणि टॅक्सॉल जुळलेल्या नलिका सुटू देत नाही, असे पुस्तकात दिले आहे. काम उलटसुलट असूनही पेशी दोन्ही वेळा मध्यावस्थेतच (गुणसूत्रे एरवी पेशीच्या मधोमध येतात त्या टप्प्यात) का अडकते? कृपया थेट उत्तर द्यावे.

रानवाटा: पेशी वनस्पतीची की प्राण्याची, हे आपण लिहिलेले नाही. वनस्पतींच्या ट्यूब्युलिनला (नलिका ज्या प्रथिनाच्या बनतात त्याला) कोल्चिसिन फारसे घट्ट चिकटत नाही, त्यामुळे कांद्याच्या मुळांना बरेच तीव्र द्रावण लागते आणि नंतर मुळांची टोके गाठीसारखी फुगतात. हेच विषारी द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदातही असते.

सुमेधा_क: पेशीचा सांगाडा म्हणजे केवळ नलिका नव्हेत. ॲक्टिनचे तंतू सुमारे ७, मध्यम तंतू १० आणि नलिका २५ नॅनोमीटर जाडीच्या असतात. मध्यम तंतूंपैकी केराटिन ५ किंवा १४ हे प्रथिन सदोष असेल, तर साध्या घर्षणानेही त्वचेवर फोड येतात.

अडलेला_विद्यार्थी: पेशी प्राण्याची आहे. केराटिनबद्दल मी विचारलेले नाही.

जुना_प्राध्यापक: नलिका सतत वाढतात आणि अचानक आखडतात, हे मिचिसन व किर्शनर यांनी १९८४ साली दाखवले. या चंचलतेमुळेच तुर्कतंतू (विभाजनावेळी नलिकांपासून बनणारे तंतू) गुणसूत्रे शोधून दोन्ही बाजूंनी ताणून धरू शकतात. कोल्चिसिनने तंतूच उरत नाहीत. टॅक्सॉलने ते उरतात, पण थिजलेले. एकही गुणसूत्र नीट जोडले गेले नसेल, तर पेशीतील तपासणी यंत्रणा पुढची अवस्था रोखून धरते.

तर्कट: इतके खोलात जाण्याची गरज नाही. टॅक्सॉलने नलिकांचे जुडगे साचतात आणि पेशीत दाटी होते, इतके सांगितले तरी पुरे.

जुना_प्राध्यापक: परीक्षक तिथेच पकडतील. टॅक्सॉलच्या अत्यल्प मात्रेत नलिकांचे एकूण प्रमाण फारसे वाढत नाही, जुडगेही दिसत नाहीत, तरीही विभाजन थांबते.

रानवाटा: द्रावणाच्या तीव्रतेचा उल्लेख मी उगीच केला नव्हता! शिवाय ही अडवणूक कायमची नसते. कोल्चिसिन दिलेली वनस्पतिपेशी विभागल्याविनाच पुढे सरकते आणि तिची गुणसूत्रे दुप्पट होतात. बिनबियांच्या कलिंगडासाठी लागणारे चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेले) वाण असेच तयार केले जातात.

अडलेला_विद्यार्थी: पेशी प्राण्याची आहे, हे मी वर लिहिले आहे. प्राध्यापक महोदय, ती तपासणी यंत्रणा तंतूंचा ताण मोजते की केवळ जोडणी?

जुना_प्राध्यापक: मुख्यतः जोडणी. ताण नसेल, तर ऑरोरा बी हे विकर सैल जोडणी सोडवते, आणि गुणसूत्रावरील मोकळी झालेली जोडणीची जागा पुन्हा थांबण्याचा इशारा देऊ लागते.