नुसते नर मारून कळप आटोक्यात येत नाही

"मादी मारली म्हणजे पुढची पिढीच मारली, म्हणून फक्त शिंगवाले नर मारा" हे ऐकायला बरं वाटतं, पण अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या बाबतीत हिशेब उलटा पडतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो. बरेच नर टिपले तरी पुढच्या वसंतात पाडसं जवळपास तेवढीच, आणि धडधाकट मादीला जुळी होणं नेहमीचंच. मिशिगनच्या जॉर्ज रिझर्व्ह या राखीव क्षेत्रात १९२८ साली कुंपणात चार माद्या नि दोन नर सोडले होते. साधारण सहा वर्षांत आकडा दीडशेच्या वर गेला. एवढी हरणं कोवळी रोपं खात सुटली, तर जंगलात नवी झाडं वाढणार कशी?

विस्कॉन्सिनमध्ये हे भांडण जुनंच आहे. आल्डो लिओपोल्डसारख्या वन्यजीव-तज्ज्ञांच्या आग्रहाने १९४३ मध्ये माद्यांची शिकार खुली झाली, तर शिकाऱ्यांनी तिला '४३चा गुन्हा' ठरवलं. पुढे १९९६ पासून काही भागांत 'आधी मादी, मगच नर' असा नियम आला. उपाय चोख होता, पण लोकांना इतका खुपला की २०११ मध्ये कायदा करून तो काढून टाकावा लागला. (शिंगांचं वेड, दुसरं काय! मादीचं डोकं भिंतीवर कोण लावतो?)

माद्या मारायचे परवाने सरसकट वाटू नयेत, हे मात्र खरं. राज्याच्या उत्तरेकडे कडक हिवाळा आणि लांडगे हरणं कमी ठेवतात, दक्षिणेकडे मक्याच्या शेतांवर ती पोसतात. दोन्हीकडे एकच कोटा लावला तर उत्तरेतले शिकारी ओरडणारच. कोटा भागागणिक ठरावा आणि दरवर्षी तपासून बदलावा.